बोअरिंगला केलेली कल्हई

तुम्ही काय काम करता, असं कुणी विचारलं की मी पूर्वी सरळ सांगायची, मातीला सोडा लावते. समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प व्हायचा. बी.एस्सी. झालेली बाई, घरच्यांचा थोडा थोडा विरोध झेलून नोकरीला लागलेली, आणि काम काय, तर मातीला सोडा. माझ्या नणंदेची तर बरीच वर्षं अशीच समजूत होती की आमची कंपनी भांडी घासायची पावडर करते. मी तिला दुरुस्त करायला गेले की म्हणायची, "तेच गं, माती आणि सोडा." पुढे मी तिचा नाद सोडला.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील ती. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रस्त्याच्या टोकाला आमची शेड होती. एका बाजूला रंगाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला लेथ मशिनं, मध्ये आम्ही. कच्छहून ट्रक यायचे आणि पिवळट, करड्या मातीची ढेकळं आवारात ओतून जायचे. बेंटोनाइट म्हणतात त्या मातीला. तेलासाठी जमिनीत खोल भोकं पाडतात, तेव्हा त्या भोकातून सतत एक चिखल फिरवत ठेवावा लागतो. तो खालचा चुरा वर आणतो आणि भोकाच्या भिंती ढासळू देत नाही. तो चिखल या मातीचा. पण कच्छची माती आली तशी पाण्यात टाकली तर जेमतेम फुगते आणि खाली बसते, कारण तिच्यात कॅल्शियम ठाण मांडून बसलेलं असतं. त्याला उठवायचं आणि त्याच्या जागी सोडियम बसवायचं, की तीच माती कितीतरी पट फुगते. ही उठवाउठवी म्हणजे आमचा धंदा.

सोडा ॲश पाण्यात कालवून ढेकळांवर शिंपडायचा, माती तुडवून एकजीव करायची, ओल्या बारदानाखाली काही दिवस मुरत ठेवायची, मग उन्हात वाळवून दळायची. वाचायला सोपं आहे. करायला गेलं की डोकं फिरायचं. एकाच ट्रकची माती, एकाच गोणीतला सोडा, तीच माणसं, तेच पाणी, आणि तरी एक ढीग असा फुगायचा की मापाच्या काचेच्या नळकांड्यात मावायचा नाही, तर त्याच्या शेजारचा ढिम्म. सोडा कमी पडला असेल म्हणून वाढवावा, तर माती एकदम बिघडायची, नासलेल्या दुधासारखी फुटायची. कमी करावा तर पुन्हा ढिम्म. पुस्तकांत उत्तरं होती, पण ती पुस्तकातल्या मातीची. आमचे शेठ उल्हासनगरचे सिंधी गृहस्थ, मनाने मोकळे, पण लॅबमध्ये येऊन "मॅडम, आज क्या बोलती है अपनी मिट्टी?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. मला काही कळलेलं नसलं तरी मी काहीतरी ठाम सांगायची. ओल जास्त आहे, मुरली कमी आहे, असं काहीही. लॅबमधल्या बाईने गोंधळलेला चेहरा केला तर पगार कशाचा घेते, असा प्रश्न येतो, म्हणून ही सवय लागली. ती सवय मी घरीही आणली आणि घरात माझी सगळं माहीत असलेली सूनबाई म्हणून ख्याती झाली.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला कॅम्पात भाड्याने राहत होतो. दोन खोल्या, आणि गल्लीतल्या सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक नळ. माझ्या सासूबाईंनी लग्न झाल्यापासून त्या नळासमोर रांग लावली होती. पाणी पहाटे यायचं, कधी यायचं नाही, कधी यायचं आणि दोन कळशांनंतर जायचं. सासऱ्यांनी त्यांना शब्द दिला होता की रिटायर झालो की तुला या नळासमोर उभं राहू देणार नाही. सासरे एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होते. आयुष्यभर लोखंड केसाच्या मापाने कातलेला माणूस, उगाच शब्द देणारा नव्हे. बदलापूरला शिरगावात त्यांनी जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता. तेव्हा तिकडे शेतं होती, मध्येमध्ये आमच्यासारख्यांची अर्धी बांधलेली घरं. रिटायर झाल्यावर त्यांनी तिथे घर उभं केलं. नळ मात्र तिकडे पोचला नव्हता. म्हणून बोअरिंग मारायचं ठरलं. सासूबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "दारात पाणी आल्याशिवाय मी त्या घरात स्वयंपाक मांडणार नाही. एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत जायला मला हौस नाही."

सासऱ्यांना माझ्या कामाचं फार अप्रूप. नवऱ्याने कधी विचारलं नाही, पण सासरे रोज चहाच्या वेळी विचारायचे, "काय सूनबाई, आजचा ढीग फुगला का?" मीही सांगायची. दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं ना. एकदा त्यांना आमची गळतीची परीक्षा सांगितली. छोट्या डब्यात चिखल भरायचा, वरून दाब द्यायचा आणि तळाच्या कागदातून किती पाणी गळतं ते मोजायचं. माती चांगली असेल तर कागदावर सायीसारखा पातळ थर धरते आणि मग पाणी गळायचं जवळजवळ थांबतं. भोकाच्या भिंतीलाही ती अशीच साय धरते, म्हणून आतलं पाणी आजूबाजूच्या दगडात मुरून जात नाही.

"म्हणजे पाणी भोकातल्या भोकात राहतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"निसटत नाही?"

"थेंब थेंब जाईल, पण फार नाही."

"वा!" म्हणाले आणि बशीतला चहा संपवला. मी सांगितलं ते शब्दन् शब्द बरोबर होतं. आजही परीक्षेत आलं तर मी हेच लिहीन.

बोअरिंगची गाडी तामिळनाडूची होती. त्या दिवशी मी रजा काढून गेले होते. वर मुरूम, खाली काळा दगड. गाडी दिवसभर धूळ उडवत राहिली आणि दुपार कलताना भोकातून धुळीऐवजी चिखल आणि चिखलामागून पाणी उडालं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "अम्मा, पानी अच्छा है." वरच्या मुरमात लोखंडी पाइप बसवला, त्याला झाकण लावलं आणि गाडी गेली. पंप लगेच बसवता आला नाही, कारण विजेचं मीटर यायचं होतं. ते यायला काही आठवडे गेले, आणि सगळा घोळ त्या काही आठवड्यांत झाला.

सासरे अधूनमधून शिरगावला जायचे. दोरीला लोखंडी नट बांधून बोअरमध्ये सोडायचे आणि दोरी कुठपर्यंत ओली होते ते बघायचे. वैशाखातले दिवस होते. पाणी दर खेपेला थोडं खाली गेलेलं दिसायचं. उन्हाळ्यात सगळ्याच विहिरींचं जातं. पण टर्नरच्या डोक्यात भांडं असतं, आणि भांड्यातलं पाणी कमी झालं म्हणजे भांडं गळतंय. त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी गृहप्रवेशाचा दिवससुद्धा बघून ठेवला होता, त्यांना उगाच घोर लावायचा कशाला, असं सासऱ्यांना वाटलं असणार.

मग ते एके दिवशी आमच्या कारखान्यात गेले. मी नेमकी त्या दिवशी नमुने घेऊन मुंबईला गिऱ्हाइकाकडे गेले होते. शेठना कोण आनंद झाला! मॅडमचे सासरे म्हणजे काय! चहा झाला, ढीग दाखवून झाले. सासऱ्यांनी बोअरिंगसाठी थोडी माती हवी म्हटल्यावर शेठ म्हणाले, "अरे अंकल, बोअरिंग के लिए ही तो बनाते हैं!" आणि दोन गोणी चांगल्यातल्या चांगल्या ढिगाच्या टेंपोत घालून पाठवून दिल्या. दुसऱ्या दिवशी शेठ कच्छला गेले. सासरे मला विचारूनच आले असतील, असं शेठ धरून चालले होते. सासरे धरून चालले होते की शेठ मला सांगतील. दोघांचंही काही चुकलं नाही.

वीज आली. पंप सोडायचा दिवस ठरला. सासूबाई हळदकुंकवाचं ताट आणि घासून लखलखीत केलेली कळशी घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याने बटण दाबलं. पंप गुरगुरला, पाइप थरथरला आणि तोंडातून पिठल्यासारखं काहीतरी घट्ट, करडं बाहेर पडलं. थोडं पडलं, मग गचके देत आणखी थोडं, मग नुसती हवा. वायरमनने पंप बंद केला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी वाकून ते बोटाला लावलं. तो बुळबुळीतपणा मी डोळे मिटून ओळखला असता, रोज आठ तास त्यातच हात असायचे.

"बाबा," मी म्हटलं, "ही आमची माती आहे. इथे कशी आली?"

त्यांचा चेहरा असा उजळला! "ओळखलीस ना? मी म्हटलंच होतं, सूनबाई बरोबर ओळखेल. अगं, पाणी निसटत होतं रोज. आतून कल्हई केली बोअरिंगला. तू म्हणतेस तश्शी केली. चिमूट चिमूट सोडली, गुठळी होऊ दिली नाही, बांबूने ढवळली, रात्रभर फुगू दिली. बोअरचं पाणी जड असतं, माती फुटते म्हणतेस ना, म्हणून टँकरवाल्याकडून गोडं पाणी घेतलं."

आमच्या लॅबमध्येही एवढ्या निगुतीने कुणी चिखल करत नव्हतं. पण मला तेव्हा राग आला होता, आणि राग आला की माझ्या तोंडून वाक्य आधी निघतं. मी म्हटलं, "बाबा, जी साय पाणी बाहेर जाऊ देत नाही, ती आत तरी कशी येऊ देईल?"

समजायला त्यांना जरासुद्धा वेळ लागला नाही. मला वाटतं, लागला असता तर बरं झालं असतं. ते बोअरच्या पाइपाकडे बघत राहिले. सासूबाईंनी ताट खाली ठेवलं, कळशी उचलली आणि म्हणाल्या, "चला आता, ऊन चढतंय."

त्या दिवसानंतर माझ्या डोक्याचं जे झालं, ते सांगायला बसले तर आजही धागा सापडत नाही. मी कॉन्ट्रॅक्टरला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, उतना पानी था ही नहीं. पहला दिन सबका बोअर उछलता है." मग त्या दिवशी अच्छा है कशाला म्हणाला होता? तर म्हणे, अम्मा खूश होत्या म्हणून. नवरा म्हणाला पंप चुकीचा घेतला. शेठ कच्छहून आले, त्यांनी कपाळाला हात लावला आणि लगेच म्हणाले, "लेकिन दो गोनी से क्या होता है, मॅडम?" खरंच, दोन गोणींनी काय होतं? एवढ्या मातीने दगडातल्या सगळ्या भेगा बुजतील? पण पाणी एकाच भेगेतून येत असेल तर दोन गोणी भरपूर झाल्या. शिवाय पाणी आधीच खाली चाललं होतं हेही खरं. त्या भोकात डोकावून बघायची काही सोय नव्हती. मी रोज कारखान्यात जाताना एक ठरवायची आणि येताना दुसरं.

इकडे घरी सासऱ्यांनी नवीनच सुरू केलं. पहाटे उठायचे आणि सासूबाईंच्या आधी कळशी घेऊन नळावर जाऊन उभे राहायचे. सगळ्या बायकांत हा एकटा उंच म्हातारा. पहिल्या दिवशी सिंधी बायका हसल्या, मग त्यांनी त्यांना रांगेत पुढे जागा द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ते जास्तच ओशाळे व्हायचे. सासूबाईंना तर मुळीच सोसायचं नाही. "रांगेत उभं राहण्याचं मला एवढं दुःख नव्हतं," त्या मला म्हणाल्या, "ते उभे राहतात ते बघवत नाही." पण त्या त्यांना काही बोलल्या नाहीत, आणि तेही त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. दिलेला शब्द मोडलेला माणूस घरात कसा वावरतो, ते मी तेव्हा पाहिलं. जेवताना दुसऱ्यांदा भात मागत नसत.

घरमालकाला आमच्या खोल्या दिवाळीपर्यंत हव्या होत्या. नवरा एके संध्याकाळी म्हणाला, शिरगावचं विकून अंबरनाथला नळाचं घर बघू. मला वाटलं सासरे उसळतील. ते म्हणाले, "विका." एवढंच. त्या एका शब्दाने मी इतकी घाबरले की दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन आधी सगळी नळकांडी रिकामी केली.

गंमत बघा. आयुष्य चाललं होतं मातीतलं कॅल्शियम उठवून सोडियम बसवण्यात. आता उलटं करायला हवं होतं, सोडियम उठवून कॅल्शियम परत आणायचं. म्हणजे चुना. मी आमच्याच मातीचा घट्ट चिखल केला आणि वरून चुन्याची निवळी ओतली. चिखल फुटला, त्याच्या गुठळ्या झाल्या आणि मधून पाणी खाली पाझरायला लागलं. मी इतकी आनंदले की शेठना हाक मारली. शेठ म्हणाले, "अच्छा है. पर मेरा साला एक चीज देता है." त्यांचा मेहुणा उल्हासनगरला कपडे धुण्याच्या पावडरीचा कच्चा माल विकायचा. त्यातलं एक फॉस्फेट शेठनी आणून दिलं. ते टाकलं तर दुसऱ्या नळकांड्यातला चिखल फुटला नाही, नुसता पातळ होत होत ताकासारखा झाला. तेही छान, उपसून टाकता येईल. पण हे फॉस्फेट सोडियमचंच! म्हणजे एका उपायाने माती गोळा होते, दुसऱ्याने पांगते. एक सोडियम काढतो, दुसरा आणखी घालतो. आणि दोन्हींनी काम होतं. मग दोन्ही एकत्र करून बघितले तर तळाशी पांढरा गाळ घट्ट बसला आणि काहीच झालं नाही. मी त्या तीन नळकांड्यांसमोर बसून राहिले. शेठनी विचारलं, "मॅडम, क्या करना है?" आणि पहिल्यांदा मला ठाम असं काही सुचलं नाही.

शेवटी शेठचं फॉस्फेट आधी टाकलं, केवळ शेठनी ते फुकट दिलं होतं आणि टेंपो उभा होता म्हणून. दोन दिवस मुरू दिलं, भाड्याचा कॉम्प्रेसर लावला. करडं पाणी आलं, थोडं आलं, संपलं. मग आठवडाभराने, दोन्ही एकमेकांना धरून बसतील ही भीती मनात ठेवूनच, चुन्याची निवळी ओतली. काही नाही. तोवर पावसाळा लागून महिना झाला होता, आजूबाजूच्या शेतांत पाणी साचलेलं, आणि आमचं बोअर कोरडं. मला तिथे उभं राहून रडू आलं. राग तर केव्हाचा येत होता, पण तो काढायचा कुणावर? सगळे नीट वागले होते. सगळे नीट वागूनही सत्यानाश झाला, तर भांडायचं कुणाशी, हे मला अजून समजलेलं नाही.

घर बघायला गिऱ्हाईक येऊन गेलं. त्याने पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. सासरे म्हणाले, "नाही." तो गेला.

पाऊस ओसरल्यावर शेजारच्या प्लॉटवाल्यानं बोअर मारायला गाडी बोलावली. तीच तामिळनाडूची गाडी. आम्ही सगळे त्या रविवारी घर आवरायला गेलो होतो. दिवसभर दगड फोडणाऱ्या त्या गाडीच्या हातोड्याने आमच्या भिंती हादरत होत्या. त्यांना पाणी लागलं. संध्याकाळी सामान बांधता बांधता कॉन्ट्रॅक्टर सासूबाईंपाशी आला आणि म्हणाला, "अम्मा, आपका भी एक बार हवा मार के देता. पैसा नहीं." त्याला बहुधा आपलं ते अच्छा है आठवत असावं. त्याने आमच्या बोअरमध्ये पाइप सोडला आणि हवा मारली.

आधी नुसता आवाज. मग धूळ, मग करड्या मातीचे गोळे, थुंकल्यासारखे. मग बराच वेळ काही नाही. तो पाइप वर घेणार एवढ्यात खालून गडगडाट आला आणि पाणी असं उडालं की सासूबाई, मी, नवरा, कॉन्ट्रॅक्टरची माणसं, सगळे भिजलो. आधी करडं, मग गढूळ, मग चक्क निवळ. सासूबाई ओरडत होत्या. नऊवारीतल्या त्या शांत बाईला मी कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर नाचत होता. मी आनंदाने सासऱ्यांना शोधायला लागले.

ते पायरीवर बसले होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "पाणी होतं म्हणजे."

"आहेच की, बाबा! बघा ना!"

"होतं तर मीच अडवलेलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आजपर्यंत मनात एक जागा होती गं, की मुळातच नसेल. आता सांग, माझ्यामुळेच गेलं होतं ना?"

मी पाण्याकडे बघितलं. ते फॉस्फेटने सुटलं, की चुन्याने, की पावसाने वर चढलं, की शेजारच्या हातोड्याने कुठली भेग मोकळी झाली, की आज नुसती हवाच जोरात बसली? आणि गेलं होतं ते मातीने गेलं होतं, की वैशाखाने? करडे गोळे तर डोळ्यांसमोर पडले होते. पण गोळे पडले म्हणून त्यांनीच अडवलं होतं असं होतं का? मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"मला ठाऊक नाही, बाबा," मी म्हटलं. "खरंच ठाऊक नाही."

ते हसले. "तुला ठाऊक नाही असं कधी झालंय का, सूनबाई?" म्हणाले आणि माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांचं मन राखायला खोटं बोलले अशी त्यांची खात्री झाली होती, आणि ती मला कधी हलवता आली नाही. मी नंतर कितीदा तरी सांगून पाहिलं. दर वेळी ते मान हलवायचे आणि म्हणायचे, गुणाची आहेस.

दिवाळीच्या आत आम्ही शिरगावला राहायला गेलो. घर विकायचं पुन्हा कुणी काढलं नाही. सासूबाईंनी दारात मोगरा लावला, सासरे त्याला बादलीने पाणी घालायचे, अंगण धुवायचे, शेजाऱ्यांच्या बायकांना कळशा भरून द्यायचे. पंपाच्या बटणाला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. सकाळी पंप मी लावायची. तेवढा वेळ ते आतल्या खोलीत बसून राहायचे आणि तिथूनच विचारायचे, "आलं का?" मी म्हणायची, "आलं." मग बाहेर यायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. पुढे नगरपालिकेचा नळ आला, बोअरिंगवाचून अडायचंही बंद झालं, तरी त्यांचं ते रोजचं विचारणं सुटलं नाही. शेवटच्या आजारात त्यांना धड ऐकू येत नव्हतं, पण मी मागच्या दारी गेलेली दिसली की खाटेवरून विचारायचे. एका सकाळी मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. मोटर जळली होती. आतून आवाज आला, "आलं का?"

"आलं, बाबा," मी दारात येऊन मोठ्याने म्हटलं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला.